मोटारसायकलची बैठक घरीं मढवितांना

यंत्रयुगांत गृहस्थाचें वाहन बदललें. पण वाहनाची निगा राखण्याची गृहस्थी दृष्टि मात्र त्या वाहनाबरोबर घरांत आली नाहीं. पितळी भांड्यांस कल्हई केव्हां लावावयाची, छपराचीं कौलें केव्हां चाळावयाचीं, गादीचा कापूस किती वर्षांनीं पिंजून घ्यावयाचा, हें आमच्या मागच्या पिढीस तोंडपाठ असे. आज बहुतेक घरांच्या दारांत एखादी तरी मोटारसायकल उभी असते. तिचें तेल, तिचीं चाकें, तिचे ब्रेक यांची विचारपूस अधूनमधून होते. परंतु मनुष्य जिच्यावर प्रत्यक्ष बसतो त्या बैठकीकडे, ती उसवून आंतला पिंवळा फोम डोकावूं लागेपर्यंत, कोणाचेंही लक्ष जात नाहीं. मग पावसाळ्यांत तिच्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्यांत येते, आणि ती पिशवी पुढें वर्षानुवर्षें तशीच राहते.

असला विषय या पृष्ठांत कशासाठीं, अशी शंका कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु ज्या घरांत एकाच वाहनावर वडील कचेरीस, मुलगा कॉलेजास आणि सूनबाई शाळेंत शिकवावयास जातात, त्या घरांत ही दोन हात लांबीची बैठक स्वयंपाकघराच्या चुलीइतकीच सामाईक वस्तु असते. तिच्यावर कंबरेचें आरोग्य अवलंबून असतें, पाठीमागें बसणाऱ्या माणसाची सुरक्षितता अवलंबून असते. आणि ती घरीं दुरुस्त करावयास बसलें, तर हाताच्या कामाविषयीं आपल्या वर्गाच्या मनांत काय काय दडलेलें आहे, हेंही बाहेर पडतें. म्हणून या कामाची रीत आणि तिच्यामागचा विचार, दोन्ही येथें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बैठक कशी घडत गेली

जर्मनींतील गोटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं १८८५ सालीं लांकडी सांगाड्यांत अंतर्ज्वलन इंजिन बसवून जी दुचाकी तयार केली, तीस बहुतेक अभ्यासक पहिली मोटारसायकल म्हणतात. तिचें खोगीर इंजिनाच्या थेट वर होतें. आणि पहिल्या फेरींतच इंजिनाच्या तापलेल्या नळीमुळें त्या खोगिरास आग लागली, असें सांगतात. म्हणजे मोटारसायकलच्या इतिहासांतील पहिली दुरुस्ती बहुधा बैठकीचीच असावी!

पुढें बराच काळ मोटारसायकलीस सायकलीप्रमाणेंच चामड्याचें खोगीर असे व त्याखालीं दोन जाड स्प्रिंगा असत. मागच्या चाकास धक्के सोसणारी योजना नव्हती. त्यामुळें रस्त्याचा सर्व मार त्या स्प्रिंगांनींच झेलावयाचा. आपल्याकडे जुन्या बुलेट गाडीवर असें खोगीर पुष्कळांनीं पाहिलें असेल. मागच्या चाकास शॉक ॲब्सॉर्बर आले, तेव्हां दोघांस बसतां येईल अशी लांब, सपाट, मऊ बैठक प्रचारांत आली. तिच्यांत प्रथम रबराचा फोम असे. डनलॉप कंपनीच्या अशा फोमच्या गाद्या इतक्या प्रसिद्ध झाल्या, कीं आपल्याकडील कारागीर आजही कोणत्याही फोमला ‘डनलॉप’ म्हणतात. आतां रबराची जागा पॉलियुरेथेन या कृत्रिम द्रव्यानें घेतली आहे. त्याचें रसायन ऑटो बायर यानें १९३७ च्या सुमारास जर्मनींत सिद्ध केलें.

वरच्या आवरणास आपण ‘रेक्झिन’ म्हणतों. हेंही मुळांत एका इंग्रजी मालाचें व्यापारी नांव. मँचेस्टरजवळील हाइड या गांवच्या कारखान्यांत कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन हें कृत्रिम चामडें करीत. आजच्या रेक्झिनवर तो लेप नसतो. विणलेल्या कापडावर पी.व्ही.सी.चा थर असतो. नांव मात्र तेंच टिकलें. चामड्याशीं त्याचा संबंध केवळ दिसण्यापुरता आहे, ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. कारण पुढें एका घरगुती वादांत ती उपयोगी पडणार आहे.

आमच्या टापूंतील ऊन आणि पाऊस

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं स्टेशनें ओळीनें लागतात. येथील हजारों माणसें घरून दुचाकीनें स्टेशनावर जातात, गाडी तेथें लावतात व लोकल पकडतात. ती गाडी सकाळपासून रात्रीपर्यंत उघड्यावर उभी असते. वैशाखांत काळें रेक्झिन इतकें तापतें, कीं त्यावर हात ठेववत नाहीं. आणि आषाढांत त्याच रेक्झिनवर संततधार पडते. बदलापूरचा पाऊस तर प्रसिद्धच आहे. २६ जुलै २००५ चा प्रलय येथील लोक विसरलेले नाहींत. आणि जुलै २०१९ मध्यें बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरांत अडकून हजाराहून अधिक उतारूंस बाहेर काढावें लागलें, तेंही पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

या ऊनपावसानें बैठक कशी बिघडते, तें समजून घेतलें पाहिजे. पी.व्ही.सी. मूळचें कठीण असतें. त्यास मऊपणा यावा म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळलेलीं असतात. उन्हानें तीं द्रव्यें हळूहळू उडून जातात. रेक्झिन ताठर होतें आणि बसणाऱ्याच्या वजनानें त्यास बारीक चिरा पडतात. पाणी त्या चिरांतून, आणि त्याहूनही अधिक शिवणीच्या सुईच्या छिद्रांतून, आंत शिरतें. फोम हा स्पंजाचा भाऊ. त्यानें एकदां पाणी प्यालें, कीं वरच्या आवरणामुळें तें लवकर वाळत नाहीं. बैठक वरून कोरडी दिसते. मनुष्य बसला कीं दाबानें पाणी वर येतें. खालचा पत्रा लोखंडी असेल तर तो गंजतो. फोमही कांहीं वर्षांनीं भुगा होऊन गळूं लागतो. म्हणजे रोग शिवणींतून शिरतो व तळापर्यंत जातो. वरून नवें कव्हर चढविल्यानें तो बरा होत नाहीं, फक्त झांकला जातो.

उल्हासनगरचें नांव या प्रसंगीं काढल्यावांचून राहवत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत येथें ‘कल्याण कॅम्प’ ही लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस त्या बरॅकींत जागा देण्यांत आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. घरदार, शेतीवाडी, पेढ्या सोडून आलेल्या त्या लोकांनीं कोणतेंही हातकाम हलकें मानलें नाहीं. कोणी शिवणयंत्र घेऊन बसला, कोणी खुर्च्या विणूं लागला, कोणी जुन्या वस्तूंस नवें रूप देऊं लागला. आज तेथील फर्निचरचा व कापडाचा बाजार दूरदूरच्या लोकांस ओढून आणतो, त्याच्या मुळाशीं ती हातांची लाज न बाळगणारी वृत्ति आहे. रेक्झिन, फोम, दोरा, सोल्यूशन, स्टेपलच्या पिना, हें सर्व साहित्य उल्हासनगरांत एकाच फेरींत मिळतें, हा शेजारधर्माचा लाभ अंबरनाथ-बदलापूरकरांनीं अवश्य घ्यावा.

घरांत उठलेला एक प्रश्न

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या पुतण्याच्या गाडीची बैठक अशीच भिजून गेली. पुतणसून शाळेंत शिक्षिका. ती रोज त्याच्या पाठीमागें बसून स्टेशनावर जाई, आणि ओल्या बैठकीमुळें मागून ओली झालेली साडी नेसूनच तिला वर्गांत उभें राहावें लागे. चार दिवस तिनें कोणास सांगितलें नाहीं. पांचव्या दिवशीं तिनें गाडीवर बसण्याचें सोडून दिलें व ती पायीं निघूं लागली, तेव्हां घरांत प्रश्न निघाला. पुतण्या म्हणाला, “काका, रविवारीं आपण ही घरींच उघडूं या. अक्कांच्या मशीनवर कव्हर शिवतां येईल.”

आमच्या वडील भगिनी अक्का या ऐंशीच्या घरांतल्या. त्या माजघरांतून म्हणाल्या, “अरे, आपल्या घरांत चांभारकाम मांडणार का आतां? आणि तेंही माझ्या मशीनवर?”

या वाक्यांत राग नव्हता. लहानपणापासून अंगीं मुरलेली एक सवय होती, आणि म्हणूनच ती चटकन् उपटली जात नाहीं. पुतण्यानें समजूत घातली, कीं रेक्झिन हें चामडें नव्हे, कापडावरचा लेप आहे. अक्कांचें समाधान झालें. पण आमचें झालें नाहीं. तें खरोखरच चामडें असतें, तर काय बिघडत होतें? पायांतल्या वहाणा चामड्याच्या, देवळांतला मृदंग चामड्यानें मढविलेला. ज्यानें तो मढविला त्याचे हात तेवढे हलके, हा हिशेब कोणत्या शास्त्रांत बसतो? आपल्याकडील चौसष्ट कलांच्या यादींत वात्स्यायनानें सुईचें काम आणि सुताराचें काम हीं दोन्ही गीतनृत्यांच्याच पंक्तीस बसविलीं आहेत. अंबरनाथचें शिलाहारकालीन शिवालय पाहावयास आपण पाहुण्यांस अभिमानानें नेतों. तेथील शिलालेखांतील शके ९८२ हा काल वाचून दाखवितों. राजांचीं नांवें सांगतों. पण त्या भिंतींवरील एकेक वेल ज्यांनीं छिन्नीनें उतरविली, त्यांच्या हातांची थोरवी सांगण्याचें आपल्यास सुचत नाहीं.

हें आम्हीं अक्कांस बोलून दाखविलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मृदंगाचें खरें आहे हो तुझें. पण माझ्या मशीनची सुई बारीक आहे. जाड घातल्याशिवाय चालवूं नका.” ही सूचना अगदीं योग्य होती. तेथून पुढें कामास आरंभ झाला.

काम करण्याची रीत

पहिली गोष्ट, बैठक गाडीवरून उतरविणें. कांहीं गाड्यांत ती किल्लीनें सुटते, कांहींत खालीं दोन बोल्ट असतात. निघालेले नट-बोल्ट व वायसर एका वाटींत ठेवावे, आणि बैठक उलटी करून तिचें छायाचित्र मोबाईलवर घेऊन ठेवावें. पट्टा कोणत्या छिद्रांतून आला आहे, रबरी ठोकळे कोठें आहेत, हें मागाहून आठवत नाहीं.

दुसरी गोष्ट, जुनें आवरण काढणें. तळ प्लॅस्टिकचा असेल तर आवरण स्टेपलच्या पिनांनीं धरलेलें असतें. चपट्या पेचकसानें पिन किंचित् उचलावी व पकडीनें ओढावी. पिना उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा आणि लहान मुलांस दूर बसवावें. तळ लोखंडी असेल तर त्याच्या कडेस दांते असतात. ते हलके हलके उभे करावे, मोडूं देऊं नयेत. आवरण ओढून फाडूं नये. तें कितीही जीर्ण असलें तरी नव्या कव्हराचा नमुना तेंच आहे.

तिसरी गोष्ट, फोम वाळविणें. आणि घाई करणारे लोक येथेंच फसतात. ओला फोम पिळूं नये, तळव्यांनीं दाबून पाणी काढावें. मातीचा वास येत असेल तर साबणाच्या सौम्य पाण्यानें धुवावा, आणि वाऱ्यावर, सांवलींत, उभा करून ठेवावा. पावसाळ्यांत यास तीन-चार दिवस लागतात. आंतून पुरता वाळल्याची खूण एकच : कोरडा कागद ठेवून त्यावर जोरानें दाबावें, कागद कोरडा राहिला पाहिजे. या अवधींत तळाकडे पाहावें. गंज तारेच्या ब्रशानें व पॉलिशकागदानें घांसून त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा. तळास पाणी निघून जाण्यासाठीं जीं छिद्रें असतात, तीं मोकळीं करावीं.

चौथी गोष्ट, फोमची डागडुजी. जेथें खड्डा पडला असेल तेथें वेडावांकडा तुकडा न भरतां, खराब भाग चौकोनी कापून काढावा आणि तेवढाच नवा तुकडा बसवावा. रबरी सोल्यूशन दोन्ही पृष्ठांवर पातळ लावून, बोटास चिकटेनासें होईपर्यंत थांबावें. मग एकदांच नीट जुळवून दाबावें. ओलें असतांना चिकटविल्यास तें धरत नाहीं. हें सोल्यूशन ज्वालाग्राही असून त्याची वाफ डोक्यांत जाते. म्हणून हें काम गॅलरींत किंवा ओट्यावर करावें, स्वयंपाकघर आणि देवघरांतील समई यांपासून दूर. नवा फोम घेतांना दुकानदारास घनता विचारावी. एका घनमीटर फोमचें वजन किती किलो, तो आंकडा म्हणजे घनता. साध्या गाद्यांचा वीस-बावीस घनतेचा फोम बैठकीस घातला, तर कांहीं महिन्यांतच बसतो. चाळीस किंवा त्याहून अधिक घनतेचा मागावा. घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. दाट फोमही मऊ असतो, आणि हलका फोमही ताठ असूं शकतो. म्हणून आंकडा विचारून शिवाय हातानें दाबूनही पाहावें. उरलेले उंचवटे पॉलिशकागदानें सारखे करावे व वर बोटाच्या अर्ध्या जाडीचा मऊ थर सर्वत्र चिकटवावा. बैठकीची उंची मात्र वाढवूं नये; चालविणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीस टेकले पाहिजेत.

पांचवी गोष्ट, बेतणें. जुन्या आवरणाचा प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वीं त्यावर ‘पुढें’, ‘मागें’, ‘डावें’, ‘उजवें’ असें लिहावें, मध्यरेषा ओढावी, आणि शिवणीवर चार-चार बोटांच्या अंतरानें आडव्या खुणा कराव्या. शिवतांना खुणेस खूण मिळाली, म्हणजे कव्हर पिळलें जात नाहीं. नंतर शिवण उसवून तुकडे सपाट करावे, व नवें रेक्झिन उलटें घालून त्यावर खडूनें वा पेनानें आंखावे. रेक्झिन एका दिशेस अधिक ताणतें. ती दिशा बैठकीच्या रुंदीकडे ठेवावी. शिवणीस सुमारें एक सेंटीमीटर आणि खालच्या कडेस ओढून धरण्यासाठीं चार-पांच सेंटीमीटर जास्त ठेवावे. चौपन्न इंची पन्ह्याचें एक मीटर रेक्झिन साध्या बैठकीस पुरेसें होतें.

सहावी गोष्ट, शिवण. घरचें हातानें फिरविण्याचें किंवा पायटा असलेलें मशीन यास पुरतें. मात्र सुई सोळा किंवा अठरा नंबरची, टाका लांब म्हणजे साडेतीन-चार मिलिमीटरचा, आणि दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. सुती दोरा पावसानें कुजतो. टाके फार जवळ घातले, तर पोस्टाच्या तिकिटांप्रमाणें रेक्झिन त्याच रेषेंत फाटतें. टांचण्या लावूं नयेत. कापडांतलें छिद्र मिटतें, रेक्झिनमधलें मिटत नाहीं. त्याऐवजीं कपडे वाळत घालावयाचे चिमटे लावावे. ते या कामीं उत्तम. मशीनच्या पायाखालीं रेक्झिन सरकेनासें झालें, तर वर वर्तमानपत्राची पातळ पट्टी ठेवून तिच्यासकट शिवावें व मागाहून कागद फाडून टाकावा. वळणावर चाक हातानें फिरवावें. शिवण संपली, कीं आंतल्या बाजूनें तिच्यावर सोल्यूशनचा एक हात फिरवावा, म्हणजे सुईचीं छिद्रें बुजतात. जमल्यास शिवण बसण्याच्या पृष्ठावर न येतां बाजूस उतरती येईल असाच बेत करावा. पाणी तेथें थांबत नाहीं.

सातवी गोष्ट, चढविणें. तयार कव्हर अर्धा तास उन्हांत ठेवावें; ऊन नसेल तर केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब द्यावी. तें लवचीक होतें. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा एक पदर अंथरावा, म्हणजे चुकून शिरलेलें पाणी फोमपर्यंत सहसा पोंचत नाहीं. मग प्रथम पुढच्या टोकाचा मध्य पक्का करावा. नंतर मागचा मध्य ओढून पक्का करावा. त्यानंतर डावा मध्य, लगेच उजवा मध्य. आणि मग समोरासमोर एकेक पिन मारीत कोपऱ्यांकडे जावें. एकच बाजू पुरी करून दुसरीस हात घातला, तर कव्हर तिरपें ओढलें जातें. कोपऱ्यांतील चुण्या लहान लहान करून खालच्या बाजूस दडवाव्या. पिना न गंजणाऱ्या स्टीलच्या घ्याव्या, आणि तळाच्या जाडीपेक्षां आंखूड घ्याव्या. काम झाल्यावर वरून तळवा फिरवून एकही टोंक लागत नाहीं ना, हें पाहावें. लोखंडी तळास पिना लागत नाहींत. तेथें सोल्यूशन लावून कड दांत्यांत अडकवावी व दांते पुन्हां दाबावे.

शेवटीं पट्टा, रबरी ठोकळे, बोल्ट हे सर्व जागच्या जागीं बसवून बैठक गाडीवर चढवावी, आणि कुलूप लागल्याचा आवाज ऐकल्यावरही दोन्ही हातांनीं ती वर ओढून पाहावी. वळणावर निसटणारी बैठक फाटक्या बैठकीहून शतपट वाईट.

पाठीमागें बसणाऱ्या माणसाचा विचार

पतंजलीनें योगासनाचीं दोनच लक्षणें सांगितलीं आहेत : तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. मोटारसायकलच्या बैठकीसही हीं दोन लक्षणें तंतोतंत लागू आहेत. बाजारांत गुळगुळीत, चकचकीत रेक्झिन डोळ्यांत भरतें. पण साडी नेसून एका अंगास बसणाऱ्या स्त्रीस तें घातक आहे. ब्रेक लागतांच साडीचें रेशमी वा कृत्रिम धाग्याचें कापड त्यावरून घसरतें, व धरावयास पट्टा नसेल तर तोल जातो. म्हणून रेक्झिन खरखरीत पोताचें निवडावें. बैठकीचा मागचा भाग पुढें उतरता होऊं देऊं नये. आणि नवें कव्हर घालतांना जुना पट्टा ‘जुनाट दिसतो’ म्हणून काढून टाकूं नये. आमच्या पुतण्याचा तसा विचार होता. सूनबाईंनीं तो पट्टा स्वतः धुऊन आणून पुढें ठेवला, तेव्हां तो बसविला गेला.

ही केवळ सोयीची गोष्ट नाहीं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमाप्रमाणें, मागें माणूस बसण्याची सोय असलेल्या दुचाकीस हातानें धरावयाची कायमची मूठ वा पट्टा, पाय ठेवावयाची जागा आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण असलें पाहिजे. कपडे चाकांत अडकूं नयेत, हा त्या झांकणाचा हेतु. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १२८ व्या कलमाप्रमाणें चालकाखेरीज एकाच माणसास बसवितां येतें, आणि तेंही चालकामागें पक्क्या बसविलेल्या योग्य बैठकीवर. तेव्हां फोम वाढवून ‘तिघांची सोय’ करून घेण्याचा मोह कोणासही होऊं नये. एकत्र कुटुंब मोठें असतें. बैठक मोठी करून तें गाडीवर मावत नाहीं.

केव्हां कारागिराकडे जावें

घरीं करावयाचें म्हणून सर्वच घरीं करावें, असें आमचें म्हणणें नाहीं. प्लॅस्टिकचा तळ तडकला असेल तर चिकटवूं नये, नवा घ्यावा. बिजागरी वा कुलूप सैल झालें असेल तर मेकॅनिकास दाखवावें. ज्यास कंबरेचें दुखणें आहे त्याच्यासाठीं बैठकीचा आकारच बदलावयाचा असेल, तर तें अनुभवी कारागिराचें काम आहे. तो माणसास गाडीवर बसवून, पाठ पाहून, मग फोम कापतो. कारागीर निवडतांना एक प्रश्न पुरे : “जुनें कव्हर काढून फोम पाहणार, कीं वरूनच नवें चढविणार?” जो म्हणेल, “आधीं उघडून पाहूं,” त्याच्याकडे काम द्यावें व गाडी एक दिवस ठेवावी लागली तर खुशाल ठेवावी.

आणि त्याचे पैसे देतांना घासाघीस करूं नये. आमच्या घरीं तीन माणसांस दोन रविवार लागले; मधले दिवस फोम वाळण्यांत गेले. एका कोपऱ्याची चुणी दडवितांना पुतण्याच्या बोटांस फोड आला, आणि तरीही ती चुणी थोडी दिसतेच. तीच चुणी बाजारांतला कारागीर रस्त्याच्या कडेला, उकिडवा बसून, दहा मिनिटांत नाहींशी करतो. तो तेवढ्या कामाचे किती घेतो, याविषयीं पूर्वीं आमच्या घरांत चर्चा होई. आतां ती होत नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे, त्यांनीं घरांतील मुलांमुलींस हाताशीं घेऊन हें काम अवश्य करून पाहावें. पहिल्या पावसाच्या आधीं बैठक उघडली, तर फोम लवकर वाळतो. मुलींस बेतणें व शिवणें आणि मुलांस पाना व पकड, अशी वांटणी मात्र करूं नये. दोघांनींही दोन्ही करावें. आमच्या येथें बोल्ट सूनबाईंनीं आंवळले आणि बाजूची लांब शिवण पुतण्यानें घातली. अक्का शेजारीं खुर्ची टाकून बसल्या होत्या. शिवण जेथें जेथें वांकडी गेली, तेथें तेथें त्यांनीं ती उसवावयास लावली, आणि मशीनला तेल घालण्याचें काम मात्र शेवटपर्यंत दुसऱ्या कोणास करूं दिलें नाहीं.